वाघरीबाहेरची राखण

दिवाळी सरली की पारनेरच्या पठारावरचे मेंढपाळ वाट धरतात. ढवळपुरी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे धनगर मेंढरं घेऊन नगर-कल्याण रस्त्याला लागतात. टाकळी ढोकेश्वर, बेल्हे, आळेफाटा, ओतूर करत काही वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे कुटुंबांचे तांडे, माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणकडे जातात, काही जुन्नर-आंबेगावातल्या मोकळ्या रानांवरच फिरत राहतात. पुढे बाप्या माणूस, मागे मेंढरं, त्यामागे घोडी. घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार: भांडी, वाकळा, पाण्याचे ड्रम, टोपलीतल्या कोंबड्या, कधी त्यावर बसवलेलं एखादं पोर. खोळंबलेल्या गाड्यांतून कोणी हॉर्न वाजवतं, कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढतं. त्या व्हिडिओत मेंढ्या येतात, घोडी येतात, लाल मुंडासं येतं. कडेकडेने मान खाली घालून चालणारी चार-पाच कुत्री बहुधा त्यात येत नाहीत.

हा लेख त्या कुत्र्यांविषयी आहे, आणि त्याला निमित्तही तसंच आहे. जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत अलीकडे ‘मोठं कुत्रं’ हा चावडीवरचा विषय झाला आहे. फार्महाउसला, पोल्ट्रीला, गोठ्याला बिबट्यापासून राखण हवी म्हणून कोणी रॉटवायलरची चौकशी करतं, कोणी तुर्कस्तानातल्या कांगलची, कोणी मध्य आशियातल्या अलाबाईची. त्यासाठी हजारांत, कधी लाखांत पैसे मोजायची तयारी असते. आणि ज्या रानात हे कुत्रं बांधायचं, त्याच रानातून दरवर्षी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखलेली कुत्री भाकरीच्या तुकड्यावर चालत जातात. राखणदार कुत्रं विकत मिळत नाही. ते घडवावं लागतं, आणि घडवल्यावर जपावं लागतं. धनगराला यातली पहिली गोष्ट उत्तम जमते. दुसरीत तो एकटा पडतो आणि आपण सगळे कमी पडतो.

संध्याकाळी वाडा कुठे बसणार हे आधीच ठरलेलं असतं. शेतकऱ्याला लेंडीखत हवं, धनगराला चारा आणि मुक्कामाला जागा. धान्य किंवा रोख, जो ठरेल तो हिशोब. दिवस कलला की वाघर लागते. मेखांना ताणलेली दोरीची जाळी, एवढंच ते कुंपण. मेंढ्या आत, कोकरं वेगळ्या लहान जाळीत नाहीतर डालग्याखाली, चूल बाहेर, माणसं चुलीजवळ. कुत्र्यांना कोणी जागा नेमून देत नाही. एक बांधाच्या अंगाला पडतं, एक उसाच्या तोंडाशी, एक घोड्यांजवळ. म्हातारी कुत्री चुलीपासून लांब जात नाही, पण पहिला आवाज बहुतेक वेळा तिचाच असतो आणि तिने तोंड उघडल्यावरच बाकीची उठतात. अंधारात कोणी वाड्याकडे येताना दिसलं की लांबूनच आरोळी येते, “पाव्हणं, तिथंच थांबा, कुत्री हायती!” ही आरोळी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

या कुत्र्याला लोक ‘धनगरी’ म्हणतात. त्याला ठरीव रंगरूप नाही. काळं, तांबूस, करडं, छातीवर पांढरा ठिपका असलेलं. पाय लांब, छाती रुंद, जबडा जड. गावच्या भटक्या कुत्र्यापेक्षा अंगाने मोठं, पण फार्महाउसवाल्यांच्या मनातल्या अवाढव्य कुत्र्यापेक्षा बरंच लहान. मुधोळ किंवा कारवानशी त्याची गल्लत करू नये. ती शिकारी कुत्री, नजरेने सावज हेरून धावणारी. धनगरी कुत्र्याचं काम उलटं आहे. त्याने धावायचं नाही. मेंढ्या जिथे आहेत तिथे राहायचं आणि बाकीच्या जगाला तिथून लांब ठेवायचं. खंडोबाच्या घोड्याजवळ कुत्रा असतो, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा घास कुत्र्यापुढे ठेवतात, आणि खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराची लेक. म्हणजे धनगर आणि कुत्रं ही जोडी महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यात केव्हाच बसली आहे. सरकारी कागदावर मात्र हे कुत्रं अजून आलेलं नाही. त्याकडे पुढे येतोच.

आधी बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, कालवे फिरले, आणि कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या खोऱ्यांत ऊस उभा राहिला. वर्ष-दीड वर्ष कोणी फारसं आत न शिरणारं, गार सावलीचं, पाण्याजवळचं हे रान बिबट्याला मानवलं. मादी तिथेच विते, बछडी तिथेच वाढतात. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी डोंगरातलं जंगल पाहिलेलंच नाही. तोडणी सुरू झाली की फडात बछडी सापडतात आणि त्यांना आईजवळ पोचवण्याची वनखात्याची धावपळ सुरू होते. पकडलेल्या बिबट्यांना दूर नेऊन सोडण्याचा उपायही इथे करून झाला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार जुन्नर भागात २००१पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात पकडलेले बिबटे आसपासच्या जंगलांत सोडले गेले आणि हाच आकडा १७वर गेला. आज या वनविभागातली २३३ गावं प्रशासनाने संभाव्य बिबट आपत्तिप्रवण म्हणून जाहीर केलेली आहेत.

शेजारच्या अकोले तालुक्यात अत्रेय यांच्याच गटाने केलेली मोजणी अधिक बोलकी आहे. दर चौरस किलोमीटरला ३००हून अधिक माणसं राहत असलेल्या त्या बागायती मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे आणि तितकीच तरसं निघाली. हे बिबटे खातात काय, हे त्यांच्या विष्ठेवरून तपासलं, तर त्यांच्या एकूण अन्नापैकी वजनाने ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरं. त्यात एकटी कुत्री ३९ टक्के. शेळ्या ११ टक्के, आणि त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कित्येक पट!

म्हणजे ज्याच्यावर राखणीचा भरवसा, तोच बिबट्याचा रोजचा घास. हा आकडा सांगितला की फार्महाउसवाला म्हणतो, म्हणूनच मला मोठं कुत्रं पाहिजे. इथेच त्याचा हिशोब चुकतो. बिबट्या घास घेतो तो एकट्यादुकट्या कुत्र्याचा: उकिरड्यावर रात्री फिरणाऱ्या, पोल्ट्रीवाल्याने बांधावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर जगणाऱ्या, आणि सर्वांत सोपा म्हणजे ओसरीला साखळीने बांधलेल्या. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, वळता येत नाही, आणि भुंकून ते स्वतःचाच पत्ता सांगत राहतं. वऱ्हांड्यातून कुत्रं उचलून नेणाऱ्या बिबट्याचे सीसीटीव्हीतले व्हिडिओ या भागात प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. त्यातली बरीच कुत्री बांधलेली दिसतात. कुत्रं पन्नास किलोचं असलं तरी साखळी तीन फुटांचीच असते.

वाड्यावरच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी पडते, कारण ते एकटं नसतं आणि मोकळं असतं. बिबट्या दबा धरून मारतो. त्याचं सगळं बळ त्या शेवटच्या पंधरा-वीस पावलांत असतं, आणि तिथवर तो कोणाच्या नकळत आला तरच ते उपयोगी पडतं. वाऱ्यावर वास येताच एका कुत्र्याने आवाज दिला, दुसरी तिघं त्या दिशेला तोंड करून उभी राहिली, माणसाने बॅटरी मारली, चुलीत लाकूड सारलं, की बिबट्याचा डाव फसला. क्वचित तो तरीही येतो आणि एखादं कुत्रं नेतो. पण बहुतेक रात्री काहीच घडत नाही. मारामारी न होऊ देणं हीच खरी राखण. लांडगा आला तर हिशोब थोडा बदलतो, कारण लांडगे जोडीने येतात, एक कुत्र्यांना ओढून लांब नेतो आणि दुसरा मेंढीला धरतो. म्हणून जाणतं कुत्रं लांबवर पाठलाग करत नाही. बांधापर्यंत जातं, भुंकतं, परत येतं. नवख्या माणसाला हे भित्रेपण वाटतं.

हे शहाणपण आपलंच नाही. अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड कॉपिंजर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि तुर्कस्तानातून राखणदार कुत्री आणून ती अमेरिकी मेंढपाळांकडे ठेवली आणि वर्षानुवर्षं त्यांच्या नोंदी घेतल्या. चांगल्या राखणदाराची तीन लक्षणं त्यांनी मानली: ते मेंढ्यांजवळ राहतं, मेंढ्यांना त्रास देत नाही, आणि परकं काही आलं की आडवं येतं. यातलं पहिलं नसेल तर बाकी दोन वाया. नामिबियात चीता कॉन्झर्वेशन फंडाने १९९४पासून अनातोलियन आणि कांगल जातीची कुत्री शेळ्या-मेंढ्यांवर ठेवायला दिली. जनावरं वाचली आणि शेतकऱ्यांच्या बंदुकीतून चित्तेही वाचले. तो दाखला इथे बरेचजण देतात, पण तो जसाच्या तसा लागू पडत नाही. चित्ता भांडण टाळणारा प्राणी. कुत्र्याला खाद्य मानून वाढलेला बिबट्या तसा नाही. जुन्नरच्या कुत्र्याला नामिबियातल्या कुत्र्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागते, ती म्हणजे गळ्यातला पट्टा.

बिबट्या नरडं धरतो. दात मानेत रुतले की दोन-चार मिनिटांत खेळ संपतो. म्हणून खिळ्यांचा पट्टा. जुन्या चामड्याचा किंवा गिरणीच्या टाकून दिलेल्या पट्ट्याचा चार बोटं रुंद तुकडा, त्यातून आतून बाहेर ठोकलेले खिळे, टोकं बाहेर. सगळ्या पट्ट्यांचं तत्त्व एक असलं तरी सगळे पट्टे चांगले नसतात. खिळ्यांची डोकी आतल्या बाजूला उघडी राहिली तर ती मानेला घासतात, केस जातात, कातडी सोलते आणि पावसाळ्यात तिथेच जखम चिघळते. म्हणून आतून मऊ कातडं किंवा जाड कापडाची दुहेरी घडी शिवायलाच हवी. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज शिरावीत. तीन-चार शिरत असतील तर तो फिरतो आणि नरड्याची बाजू उघडी पडते. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर महिन्याला सैल करावा लागतो, नाहीतर तो मानेत रुततो. आठवड्यातून एकदा काढून खालचे गोचीड वेचावेत. कोकरं चाटायला, अंगाला घासायला येतात त्या वेळी, म्हणजे शक्यतो दिवसा, पट्टा काढून ठेवावा. आणि बकलाच्या जागी तार पिळू नये. बिबट्याशी झटापट झाली तर तीच तार फास होते.

या पट्ट्याचं वय ऐकून मी चाट पडलो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक व्हॅरो याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात मेंढ्यांच्या कुत्र्यांना एक प्रकरण दिलं आहे. त्यात मजबूत चामड्याच्या, खिळे ठोकलेल्या पट्ट्याचं वर्णन आहे, आणि लोखंड मानेला बोचू नये म्हणून खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडं शिवावं, अशी सूचनाही आहे. त्याच सुमाराच्या शतकांत जुन्नर ही सातवाहनांच्या व्यापाराची मोठी पेठ होती. नाणेघाटातून माल चढत होता, आणि यवनांनी दिलेल्या दानांचे लेख जुन्नरच्या लेण्यांत आजही वाचता येतात. पट्ट्याची कल्पना त्या वाटेने आली असं मी म्हणत नाही. जिथे मेंढ्या आहेत आणि नरडं धरणारं जनावर आहे, तिथे माणसाला ती सुचणारच. पण २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत बिबट्याने तीन बळी घेतले, त्यात दोन लहान मुलं होती, आणि त्यानंतर शेतात जाणाऱ्या बायाबापड्यांनी तसेच खिळ्यांचे पट्टे स्वतःच्या गळ्यात घातले. कुत्र्याचं संरक्षण माणसाने उसनं घ्यावं, यापेक्षा या मुलखाच्या परिस्थितीविषयी वेगळं काय सांगायचं? रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा.

आता घडवण्याविषयी. पिल्लाचा तिसऱ्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक. या दिवसांत ते ज्यांच्या वासात, ज्यांच्या उबेत राहील, त्यांना ते आपलं मानतं. वाड्यावर हे न ठरवता होतं, कारण कुत्री तिथेच विते आणि पिल्लाच्या नाकात पहिला वास मेंढीच्या लोकरीचा जातो. कोकरांच्या जाळीशेजारी ते झोपतं, मेंढी अंगावर आली की ढुशी खातं आणि शहाणं होतं. बंगल्यावर दोन महिन्यांचं पिल्लू आणून सहा महिने सोफ्याजवळ वाढवायचं आणि मग एक दिवस गोठ्यात सोडायचं, याने राखणदार तयार होत नाही. ते दारातच येऊन बसतं. त्याचा कळप घरात आहे, गोठ्यात नाही. ज्याला शेळ्या-मेंढ्यांसाठी कुत्रं हवं आहे त्याने पिल्लाची झोपायची जागा पहिल्या दिवसापासून जनावरांत ठेवावी. लाड थोडे करावेत, पण हाताची सवय मात्र पक्की लावावी: तोंड उघडू देणं, पाय धरू देणं, गळ्यात पट्टा घालू देणं. पुढे जखम धुवायची वेळ येते तेव्हा या सवयीवर सगळं अवलंबून असतं.

मग येतं वांड वय, पाचव्या महिन्यापासून वर्ष-दीड वर्षापर्यंत. अंग मोठ्याचं, अक्कल पिल्लाची. कोकरामागे धावणं, कान ओढणं, लोकर उपटणं हे सगळं खेळ म्हणून चालतं, आणि त्यातच एखादं कोकरू मरतं. इथे पुष्कळ जण कुत्रं ‘बिघडलं’ म्हणून सोडून देतात. बिघडलेलं नसतं, पिकलेलं नसतं. जाणत्या कुत्र्याची सोबत हा पहिला उपाय. म्हातारी कुत्री एका गुरगुरण्यात जे शिकवते ते माणसाला काठीने जमत नाही. दुसरा उपाय लोढण्याचा. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात तसंच हलकं लाकूड कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचं. चालता येतं, धावता येत नाही. परदेशातले मेंढपाळही हेच करतात. मेंढ्या व्यायच्या दिवसांत अशा वांड कुत्र्याला दूर ठेवावं आणि वार ताबडतोब पुरून टाकावी. त्यातून रोग पसरतात हे एक, आणि ती खायची चटक लागली की ताज्या कोकराकडेही कुत्र्याची नजर जाते. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या एकट्याच्या भरवशावर कळप सोडू नये.

व्हॅरोने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. कुत्र्याला जवाची भाकरी दुधात भिजवून घालावी, आणि मेलेल्या मेंढीचं मांस खाऊ देऊ नये, नाहीतर त्याला मेंढीची चव लागेल. धनगर बाजरीची भाकरी ताकात कुस्करून घालतो आणि मेलेल्या मेंढीबद्दल जुनी माणसं हेच सांगतात. मात्र आजच्या पशुवैद्यकाकडे याहून मोठं कारण आहे. मेंढीच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड असतात, ते कच्चे कुत्र्याच्या पोटात गेले की तिथे इवल्याशा पट्टकृमी तयार होतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर आणि पाण्यात उतरतात. ती मेंढीच्या पोटात गेली की पुन्हा फोड, आणि माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतातही फोड, जे काढायला शस्त्रक्रिया लागते. कुत्र्याच्याच दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होते. अशी मेंढी कळप सोडून एकाच अंगाला गोल गोल फिरत राहते, मान वाकडी होते आणि शेवटी मरते. मेंढपाळाने हे दृश्य पाहिलेलं असतंच. त्याचं मूळ आपल्याच कुत्र्याच्या पोटात आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डोकं, यकृत, फुप्फुस कुत्र्याला कच्चं फेकणं बंद करायचं, उकडून घालायचं किंवा खोल पुरायचं, आणि दर तीन महिन्यांनी वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल असलेलं जंतनाशक द्यायचं. मेंढ्यांना पाजायचं औषध अंदाजाने कुत्र्याच्या तोंडात ओतू नये. मात्रा चुकते, आणि काही औषधं कुत्र्याला घातक ठरतात.

बाजरीच्या भाकरीवर पोट भरतं, अंग भरत नाही. पिल्लाला आणि पाजणाऱ्या कुत्रीला अंडं, दूध, सुकट, उकडलेली कलेजी यांपैकी काहीतरी रोज लागतं. कोंबडीची शिजवलेली हाडं घालू नयेत, ती टोकदार तुकड्यांत फुटून आतड्यात रुततात.

जखमेकडेही तितकंच नीट बघावं लागतं. बिबट्याच्या दाताने बाहेर छोटं भोक दिसतं आणि आत बोटभर खोल पू साचतो. वरून हळद भरून, कापड गुंडाळून तोंड बंद करणं हा सर्वांत वाईट उपाय. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, आयोडीनचं औषध लावावं, जखम उघडी ठेवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून लावायची पद्धत जुनी आहे, पण किडे निघाल्यावरही आतून औषध लागतंच.

रेबीजची लस हा सगळ्यात सोपा भाग, आणि तोच सगळ्यात जास्त राहून जातो. कारण सरळ आहे. लसीकरणाचं शिबिर गावात होतं, आणि वाडा त्या दिवशी तिसऱ्याच गावाच्या शिवारात असतो. वाड्यावरच्या कुत्र्याची गाठ भटकी कुत्री, कोल्हे, लांडगे, तरस सगळ्यांशी पडते, आणि त्याच्याच कुशीत रात्री मेंढपाळाचं पोर झोपतं. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली मात्रा आणि मग दरवर्षी. कुत्रं चावलं, तर आपलं असो वा परकं, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि माणसाला त्याच दिवशी लस टोचून घ्यायची. डिस्टेंपरची लसही तितकीच महत्त्वाची. २०१८मध्ये गीरमधले वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांच्यात या रोगाचा विषाणू सापडला होता. कुत्र्याला टोचलेली लस वन्यप्राण्यालाही राखते.

ज्यांनी परदेशी मोठं कुत्रं आणलंच आहे, त्यांच्यासाठी थोडं. दुहेरी केसांच्या कुत्र्याला मे महिन्याचं ओतूर सोसत नाही. झाडाची गर्द सावली, दिवसभर थंड पाणी, फिरवणं पहाटे आणि रात्री. केस भादरू नयेत, त्यांनीच उन्हाची आच अडते. रोज विंचरून आतली सैल लोकर काढावी. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, चाल झोकांडली तर तो उष्माघात. पोटाला, जांघेला साधं पाणी मारत दवाखाना गाठायचा. मोठ्या जातीच्या पिल्लाला लवकर वाढावं म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजणं हा आपल्याकडचा आवडता अत्याचार आहे. त्याने हाडं वाकडी होतात. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागावं, एकदम भरपेट खाऊन धावणाऱ्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगतं, पिळतं आणि काही तासांत जीव जातो. आणखी एक गंमत. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने मार्च २०२४मध्ये २३ ‘धोकादायक’ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं. त्यात कांगल, अकबाश, टोर्न्याक, मध्य आशियाई आणि कॉकेशियन शेफर्ड अशी जगभरच्या मेंढपाळांची नावाजलेली कुत्री एका ओळीत होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द ठरवलं. परिपत्रक आततायी होतं, पण त्यामागची भीती खोटी नव्हती. कळपासाठी घडलेलं कुत्रं कळपाविना कुंपणात कोंडलं की ते कोणावर तरी उलटू शकतं.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे देशी कुत्र्यांच्या जातींची नोंद होते. राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ यांच्यानंतर हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याला तिथे जागा मिळाली. म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याची नोंद होऊ शकते, हे सिद्ध झालेलं आहे. धनगरी कुत्र्याचं मोजमाप घेऊन, रक्ताचे नमुने तपासून, ती खरोखर वेगळी जात आहे की कामाने घडलेला एक समूह आहे, हे सांगण्याचं काम महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने आणि पुण्यातल्या मेंढी व शेळी विकास महामंडळाने अंगावर घ्यायला हरकत नाही. एक भीती मात्र मला वाटते. नोंद झाली की बाजार मागे येतो, मग डोक्याचं माप आणि रंगाची शुद्धता यांची चर्चा सुरू होते, आणि कामाचं कुत्रं प्रदर्शनाचं होतं. नोंद व्हावी ती वाड्यावरच्या कामाची, नुसत्या दिसण्याची नव्हे.

त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. बिबट्याने मेंढी मारली तर वनखात्याचा पंचनामा होतो आणि भरपाई मिळते. ती मेंढी वाचवताना कुत्रं मेलं तर कागदोपत्री काहीच घडलेलं नसतं. खिळ्यांचा एक पट्टा आणि वर्षाची एक लस यांचा खर्च एका मेंढीच्या भरपाईच्या मानाने किरकोळ आहे. बेल्हे, आळेफाटा, ओतूर या वाटेवर, वाडे उतरायच्या आठवड्यांत, रस्त्यालाच लसीकरणाचे मुक्काम ठेवले तर कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही.

तोवर हे आपल्या हातात आहे. या दिवाळीनंतर तुमच्या रानात वाडा बसला, तर लेंडीखताचा हिशोब करताना वाड्यावर कुत्री किती आहेत आणि त्यांना लस टोचली आहे का, हेही विचारा. टोचली नसेल तर गावच्या पशुवैद्यकाला फोन करून बांधावर बोलवा आणि तो खर्च तुम्ही उचला. आणि स्वतःच्या दारात कुत्रं असेल, तर रात्री त्याला साखळीने बाहेर ठेवू नका, आत घ्या.